बोंडल्याची चोच

फार जुनी गोष्ट आहे. राजाचं नाव विचारू नका, ते आता कुणालाच आठवत नाही. त्याच्या राज्यात तांब्यापितळेची भांडी घडवणारी एक तरुण तांबटीण राहायची. स्वभावाने घाबरट. दाराची कडी वाजली तरी दचकून हातातली हातोडी खाली पडायची.

तिच्या आळीत एक बाळ दुभंगलेल्या ओठाचं जन्मलं. त्याला दूध ओढता येईना. त्याचं ते भुकेलं रडणं ऐकून तांबटिणीला घास गिळवेना. तिने बाळाला दूध पाजायचं, लांब, निमुळत्या चोचीचं पितळी बोंडलं घडवलं, आतून कल्हई केली. दूध थेंब थेंब जिभेवर उतरू लागलं. बाळ जगलं.

मग कळलं, अशी बाळं गावोगाव आहेत. राजवैद्यांनी बोंडलं तपासायला ठेवून घेतलं. खेटे घालून घालून तिचे पाय दुखले, तेव्हा कुठे त्यावर मोहोर उठली. मागणी वाढली, भट्ट्या वाढल्या, आळीतल्या बायका कामाला आल्या.

एक काम मात्र तिने कुणाला दिलं नाही. तयार बोंडल्याची चोच ती स्वतःच्या ओठांवरून फिरवायची. धातूचं बारीकसं कुसळ जरी टोचलं, तरी पुन्हा कानशीने घासायची. बाळाचं तोंड लोण्यासारखं मऊ, तिथे चूक चालायची नाही.

थोरली जाऊ म्हणायची, "अगं, ओठ आहे की ऐरण? दे की थोडी माझ्याकडे."

"नको जाऊबाई. तुमच्याकडून एखादं निसटलं तर?"

"आणि तुझ्याकडून?"

"मी नीट बघते ना."

"बघ बाई. आम्ही काय, नुसती पोरं वाढवली!"

टोपल्या भरून येत राहिल्या. तांबटिणीला बसल्या जागी पेंग यायची, तरी ती उठायची नाही. ओठ आधी सुजला, मग सोलवटला, मग दुखायचाच थांबला. तिला वाटलं, बरं झालं, सवय झाली एकदाची.

एके दुपारी एक बाई बाळाला पोटाशी धरून दारात आली. बाळाच्या ओठावर रक्त सुकलं होतं.

"हे बोंडलं तुमचंच ना? आता तोंडाजवळ काहीही नेलं की किंचाळतं. कालपासून उपाशी आहे हो!"

तांबटिणीने चोच ओठांवरून फिरवली. एकदा, परत एकदा.

"गुळगुळीत आहे," ती म्हणाली.

जावेने बोंडलं तिच्या हातातून घेतलं, ओठांना लावलं. "आई गं!"

तिच्या ओठावर रक्ताचा थेंब उभा राहिला. ती टोमणा मारेल म्हणून तांबटीण मान खाली घालून बसली. पण जावेने बाळाला मांडीवर घेतलं, कापसाचा बोळा दुधात भिजवला आणि लांबूनच थेंब पिळत राहिली. बाळ किंचाळलं, थकलं, शेवटी गिळू लागलं.

तांबटिणीने दवंडी पिटवली, "माझी बोंडली परत आणा." व्यापारी वाटेल ते बोलले. राजवैद्यांनी मोहोर काढून घेतली. परत आलेला सगळा माल तिने वितळवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तेच खेटे घालत.

आता चोची तपासायला आळीतल्या बायका पाळीपाळीने बसतात. ओठ दुखू लागला की उठतात, दुसरी बसते. तांबटीण बाजूला बसून धास्तावून बघते. एखादी म्हणते, "हे टोचतंय गं." तांबटीण ते उचलते, स्वतःच्या ओठाला लावते. तिला काहीच लागत नाही. मग ती मुकाट्याने कानस हातात घेते.

बोध असा: जो सगळा भार एकट्याने उचलतो, त्याला आपली चूक कळेनाशी होते, आणि ती भोगावी लागते दुसऱ्यालाच.