घाण्याच्या बैलाचा फेरफटका

एका गावात, अगदी नदीकाठाला, एक तेली राहत होता. त्याच्या अंगणात लाकडी घाणा होता आणि तो फिरवायला दोन बैल होते. एक लाख्या, धिप्पाड, चालला की अंगण हादरावं असा. दुसरा हौशा, अंगानं किरकोळ. सकाळची पाळी हौशाची आणि दुपारची लाख्याची.

घाण्याच्या बैलाचं जिणं काय सांगावं! डोळ्यांवर झापडं आणि पायाखाली तीच गोल वाट. चालून चालून पाय दुखायचे आणि शेवटी जिथून निघालो तिथेच उभं राहायचं.

सुरुवातीला हौशाचा जीव मेटाकुटीला आला. पायांना काम होतं, पण मनाला नव्हतं. त्यानं फेरे मोजून पाहिले. पण बैलच तो, चार पायांच्या पुढे त्याचं गणित जाईना. डुलकी काढून पाहिली, तर पाठीत काठी बसली. मग तो लाख्याची रीत शिकला. लाख्या चालताना मनातल्या मनात सगळ्यांवर दात-ओठ खायचा. तेली कंजूष, पेंड कडू, माशा हलकट! त्या जुन्या रागाचा तो इतका रवंथ करायचा की पुढ्यातली ओली वैरणही त्याला गोड लागत नसे. थोड्याच दिवसांत हौशालाही चारा जाईना.

गोठ्यात एक म्हातारी गाय होती. तिनं विचारलं, "का रे लेकरा, तोंड का उतरलं?"

"मावशी, त्याच त्या वाटेनं चालून मन विटलं. बघायला काही म्हणून नाही."

"झापडं डोळ्यांना बांधलीत," गाय म्हणाली, "कानांना कुणी बांधलीत?"

दुसऱ्या दिवशी हौशानं कान टवकारले आणि अख्खं गाव त्याच्या अंगणात आलं! कुंभाराचं थापटणं ऐकून त्याला कळू लागलं, आज रांजण घडतोय की पणत्या. तेलीणबाईंच्या बांगड्यांवरून त्या खुशीत आहेत की रागात, हेही कळू लागलं. नदीचं तर त्याला वेडच लागलं. जिथून गाड्या पलीकडे जायच्या त्या उतारावर पाणी सारखं बडबडायचं. थोडं खाली गेलं की एकदम गप्प.

"मावशी, नदी मध्येच गप्प का होते?" त्यानं गायीला विचारलं.

"तिथे डोह आहे बाबा. उथळ पाण्याला खळखळाट फार. खोल पाणी बोलत नाही, गिळतं."

संध्याकाळी हौशा लाख्याला सांगायचा, "आज मी नदीवर जाऊन आलो."

लाख्या फिस्कन हसायचा. "वा रे वा! म्हणे घाण्याच्या बैलाचा फेरफटका!"

पण हौशाच्या हलत्या कानांनी त्याचा घात केला. तेली बायकोला म्हणाला, "हा बैल नुसता कान हलवत फिरतो. ह्याचं कामात ध्यान नाही. जत्रेच्या बाजारात इकून टाकतो." घाण्याभोवती फिरत असलेल्या हौशानं ते ऐकलं. त्या दिवशी त्याला कुंभाराचं थापटणंही ऐकू आलं नाही.

जत्रा त्रिपुरी पौर्णिमेची. नदीपलीकडच्या देवळात त्या संध्याकाळी दीपमाळ पेटे आणि तिला पहिलं तेल घालण्याचा मान या तेल्याच्या घराण्याकडे होता. वेळेत तेल पोचलं नाही, तर मान जाणार होता. शेजारगावचा तेली टपूनच बसला होता.

पौर्णिमेच्या सकाळी तेलाचे बुधले गाडीत चढले. लाख्या आणि हौशा जुंपले गेले आणि तेली-तेलीणबाई गाडीत बसले. गाडी नदीकाठच्या माळावर आली आणि धुकं असं उतरलं की बैलांना स्वतःची शिंगं दिसेनात. लाख्या भेदरला आणि वाट फुटेल तिकडे ओढू लागला. गाडी चालत राहिली. बऱ्याच वेळानं धुक्यातून एक वाकडी बाभूळ पुढे आली. मग पुन्हा तीच. मग पुन्हा तीच!

"चकवा लागला गं, चकवा!" तेली ओरडला. "आता कसलं तेल अन् कसला मान!"

हौशाला मात्र मानेवरची ओढ ओळखीची वाटली. एक खांदा दबलेला, दुसरा सैल. अरे, हा तर आपला घाणाच की! गोल फिरणं म्हणजे काय, हे घाण्याच्या बैलाला कुणी सांगावं? तो जागच्या जागी थांबला आणि त्यानं कान उभारले.

डावीकडे पाण्याची बडबड होती. उजवीकडे सगळं गप्प होतं.

"उजवीकडे चल," लाख्या थरथरत म्हणाला. "तिकडे शांत आहे. डावीकडे पाणी खवळलंय."

"पाणी बोलतंय तिथे उतार आहे लाख्या. गप्प आहे तिथे डोह."

"मोठा आलाय शहाणा! नदी कधी पाहिलीस तरी का?"

"पाहिली नाही," हौशा म्हणाला, "पण रोज जाऊन येतो."

लाख्या उजवीकडे ओढू लागला. हौशानं पाय रोवले. त्या किरकोळ अंगात एवढं बळ कुठून आलं, देव जाणे. तेल्यानं हौशावर आसूड उगारला. तेवढ्यात तेलीणबाईंनी त्याचा हात धरला.

"अवं, थांबा! त्याचे कान बघा. त्याला कायतरी ऐकू येतंय. कासरा ढिला सोडा!"

तेल्यानं देवाचं नाव घेतलं आणि कासरा ढिला सोडला.

हौशा पुढे झाला. खळखळाट वाढत गेला, खुरांना गार पाणी लागलं, मग गुडघ्यांना लागलं. पण त्याच्या वर ते चढलं नाही. गाडी पैलतीराला लागली, बुधले जसेच्या तसे. ऊन वर आलं, धुकं फाटलं आणि सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. लाख्या जिकडे ओढत होता तिथे काळाभोर डोह पसरला होता. तेल्याच्या हातातला आसूड गळून पडला.

बाजारात एका गिऱ्हाईकानं हौशाच्या पाठीवर थाप मारली. "हा इकायचाय का?"

"ह्याला?" तेली गरजला. "आधी मला इका!"

त्या संध्याकाळी पहिलं तेल तेल्यानंच घातलं आणि दीपमाळ खालपासून वरपर्यंत उजळली. ढोल वाजू लागले. गळ्यात झेंडूची माळ, शिंगांना गोंडे आणि पाठीवर झूल घालून हौशाला दीपमाळेभोवती मिरवलं. फिरायचं गोलच होतं, पण आज डोळ्यांवर झापडं नव्हती. सारी जत्रा त्याच्या नावाचा जयघोष करत होती आणि हौशाच्या आनंदाला पारावार नव्हता.

दुसऱ्या दिवशी परत आल्यावर दुपारी लाख्या घाण्याला लागला. दोन-चार फेरे झाले. मग हळूच त्याचा एक कान हलला.

"हौशा," तो म्हणाला, "कुंभार आज रांजण घडवतोय का रे?"

हौशा दावणीला बसून गोड लागणारी वैरण खात होता. तो म्हणाला, "पणत्या. पण शिकशील, शिकशील!"

तात्पर्य: रोजची वाट बदलता येत नसली, तरी त्या वाटेवर मनाला काय चारायचं हे आपल्याच हाती असतं.