पाणी बोल

एका नदीच्या वळणावर नावाड्यांची एक वाडी होती. नदी तिथे रुंद होती आणि तिच्यावर पूल नव्हता. अलीकडच्या माणसाला पलीकडे जायचं तर वाडीच्या नावेत बसावंच लागे. मग तो पाटील असो, नवरदेव असो, नाहीतर बाजाराला निघालेली शेळी असो.

नदी दिसायला शांत होती, पण तिच्या पोटात खडक होते. म्हणून मोठ्या नावेच्या तोंडाशी लांब बांबू घेऊन एक जण उभा राही. तो बांबू पाण्यात सोडी आणि मागच्यांना ओरडून सांगे, "कंबर! छाती! थांग नाही!" त्या हाकेवर वल्ही चालत. नावेत कुणी गप्पांत रंगलं किंवा भांडू लागलं, तर बांबूवाला एवढंच म्हणे, "पाणी बोल!" हे शब्द कानावर पडले की बाकी सगळी बोलणी बंद. आपापल्या बाजूला पाण्यात काय दिसतं, तेवढंच प्रत्येकाने सांगायचं. खडक, भोवरा, ओंडका, जे असेल ते. एकदा एका वरातीत नवरदेवाच्या मामाने मानपानावरून तोंड सोडलं. "पाणी बोल" ऐकल्यावर तो बिचारा पलीकडचा काठ येईपर्यंत "इथे शेवाळ आहे, इथेही शेवाळच आहे," एवढंच सांगत राहिला.

वाडीचा मोठा बांबू तुळाजीच्या हातात होता. तुळाजी वाडीचा नाईकही होता. वाडीची बैठक नदीकाठी, पालथ्या घातलेल्या एका जुन्या नावेभोवती भरे. स्वभावाने तो मऊ होता. कुणाचं मन दुखवणं त्याच्या जिवावर येई. घरात तो आणि त्याची बायको सगुणाबाई, दोघंच. एकुलती एक लेक वाडीतच हैबती नावाच्या नावाड्याला दिलेली. तुळाजीचा धाकटा भाऊ रंभाजी शेजारीच राही.

काही वर्षांपूर्वी नदीच्या वरच्या अंगाला एका शेठने कापड रंगवायची भट्टी घातली होती. भट्टीचं लाकूड आणि कापडाचे गठ्ठे वाडीच्याच नावा वाहत. कामाला तोटा नव्हता, म्हणून वाडी खुशीत होती. भट्टीतलं वापरलेलं पाणी मात्र नाल्याने थेट नदीत येई. एके दिवशी नदी पिवळी दिसली. चार दिवसांनी जांभळी दिसली. मग मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागू लागले.

सगळ्यांत आधी हे सगुणाबाईने ओळखलं. डोहातून आणलेल्या पाण्यात तिने भात शिजवला, तर भाताला तांबूस झाक आली. तिने तो भात ताटलीत घेतला आणि नवऱ्यापुढे धरला.

"हे बघा. मी यात काहीच घातलेलं नाही."

तुळाजीने बैठक बोलावली. त्याच्या मनात एक साधी गोष्ट होती. शेठने घाण पाण्यासाठी हौद बांधावेत. तोवर भट्टीचं लाकूड आणि गठ्ठे वाडीतल्या एकाही नावेने वाहू नयेत. नावांवाचून भट्टी चालणार नव्हती. पण त्यासाठी वाडीतल्या झाडून सगळ्या नावांनी एक व्हायला हवं होतं. निम्म्या नावा थांबल्या आणि निम्म्या चालल्या, तर शेठला काहीच अडणार नव्हतं.

आणि इथेच घोडं अडलं. त्या साली निवडणूक झाली होती. एका पक्षाची खूण किटली होती आणि त्याचा झेंडा पिवळा होता. दुसऱ्याची खूण शिडी आणि झेंडा जांभळा. निवडणूक संपली, पण वाडीतली संपली नव्हती. नावांच्या टोकांवर झेंडे तसेच फडफडत होते. हैबती किटलीवाला होता. रंभाजी शिडीवाला होता.

बैठक बसली. तुळाजीने पाण्याचा विषय काढला. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत रंभाजी म्हणाला, "भट्टीला परवानगी दिली कुणी, ते आधी विचारा. किटलीवाल्यांनीच ना?"

"आणि नारळ फोडायला कोण आलं होतं?" हैबती उसळून म्हणाला. "तुमचाच शिडीवाला! पेढे खाताना तुम्ही पहिल्या रांगेत होता, रंभाजीकाका. मिशीला लागलेला पेढा मी पाहिलाय."

लोक हसले. रंभाजी तापला. मग कुणाच्या पुढाऱ्याने किती खाल्लं, कुणी कुणाला फसवलं, कुणाची सभा मोठी झाली, हे सगळं निघालं. तुळाजी दोन्ही हात वर करून हळूच म्हणाला, "अरे, पाणी बोल... पाणी बोल."

मग हैबती हसून म्हणाला, "मामा, आपण काय नावेत बसलोय? ही बैठक आहे. इथे ज्याला जे बोलायचं ते तो बोलणार."

"ते मात्र खरं बोलला," रंभाजीने मान हलवली. त्या दिवसात दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर जमलं.

तुळाजी ओशाळला. जावयाला दुखवलं तर लेकीला त्रास, भावाला दुखवलं तर घराची शोभा. तो खाली बसला. अंधार पडेपर्यंत वाद चालला आणि निर्णय न होताच लोक घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बाजूंच्या नावा भट्टीचं लाकूड घेऊन निघाल्या.

त्यानंतर पुष्कळ बैठका झाल्या. दर वेळी विषय पाण्याचा असे आणि बोलणं झेंड्यांचं होई. पुढे पुढे तर लोकांना पाण्यातही झेंडेच दिसू लागले. नदी पिवळी वाहिली की शिडीवाले काठावर उभे राहून ओरडत, "घ्या, तुमच्या किटलीतला चहा आला!" नदी जांभळी वाहिली की किटलीवाले म्हणत, "आज शिडी पाय घसरून नदीत पडली वाटतं!" दोन्हीकडून मोठ्याने हसणं होई. पाणी आज कुठल्या रंगाचं आहे ते सगळे बघत. ते प्यायचं आहे, हे कुणाच्या लक्षात राहत नसे. दोन्ही पक्षांचे पुढारी वाडीत कधी आले, तर आपलं पाणी घरून बाटलीत घेऊन येत. तेही कुणाच्या लक्षात येत नसे.

सगुणाबाई आता डोहाचं पाणी भरत नसे. वाळूत खड्डा करून झिरपेल तेवढं पाणी ती वाटीवाटीने हंड्यात घेई. त्याला फार वेळ लागे. हंडा भरेपर्यंत तिची पाठ मोडून जाई.

एका संध्याकाळी बैठकीहून तुळाजी हात हलवत परत आला. सगुणाबाई उंबऱ्यात बसून पाणी गाळत होती. तिने वर पाहिलं नाही.

"काय ठरलं?"

"आज जरा जास्तच तापले होते सगळे. पुढच्या खेपेला ठरेल."

"नावेत तुमच्या एका शब्दावर पाटीलसुद्धा तोंड मिटतो. आणि काठावर काय होतं तुम्हांला? जीभ नावेतच ठेवून येता का?"

"अगं, एक जावई आहे आणि एक भाऊ. कुणाला गप्प करू?"

"दोघांना," सगुणाबाई म्हणाली.

तिने गाळायचं फडकं पिळलं. फडक्यातून जांभळं पाणी आलं. वाळूतल्या खड्ड्यालाही आता रंग लागला होता. तिने ते फडकं त्याला दिसेल असं दोरीवर वाळत घातलं आणि आत जाऊन चूल पेटवली.

त्यानंतर वाडीत जुलाब-उलट्यांची साथ आली. बरीच माणसं आजारी पडली आणि हळूहळू उठून बसली. सगुणाबाई उठली नाही. ती फार बोलणारी बाई नव्हती. आजारातही ती फारसं बोलली नाही. शेवटच्या दिवशी तिने पाणी मागितलं. तुळाजीने तांब्या आणला. तिने आत पाहिलं आणि तांब्या हाताने बाजूला सारला. दुपारी ती गेली.

वाडीचं स्मशान नदीच्या पलीकडे होतं. मोठी नाव काढली. मधोमध सगुणाबाईला ठेवलं. सवाष्ण गेली होती, म्हणून हिरवं लुगडं नेसवलं होतं, कपाळभर कुंकू लावलं होतं. एका बाजूचं वल्हं रंभाजीने घेतलं, दुसऱ्या बाजूचं हैबतीने. मागे वाडीतले आणखी काही जण बसले. तुळाजी बांबू घेऊन पुढे उभा राहिला. "राहू द्या, आज दुसरा कुणी धरेल," असं लोक म्हणाले, पण त्याने बांबू सोडला नाही.

नाव निघाली. बराच वेळ फक्त वल्ह्यांचा आवाज होत होता. मग रंभाजीला हुंदका फुटला.

"माझ्या आईसारखी होती वहिनी. त्या भट्टीने खाल्ली तिला. तुमच्या माणसाने भट्टी आणली नसती तर..."

"माझा माणूस?" हैबतीचेही डोळे वाहत होते. "नारळ फोडला तुमच्या माणसाने. माझ्या बायकोची आई गेलीय, आणि तुम्ही इथेही झेंडा घेऊन आलात?"

"झेंडा तू काढलास!"

"मी?"

मागचेही बोलू लागले. कुणी इकडून, कुणी तिकडून. "कंबर!" तुळाजीने हाक दिली. कुणी ऐकली नाही. "खडक आहे, डावीकडे दाबा!" कुणी ऐकलं नाही. रंभाजी रागाने वल्हं ओढत होता, हैबती थांबून हातवारे करत होता. नाव वाकडी झाली आणि खडकाला घासली. सगळी एका अंगाला कलली. तिरडी सरकली. सगुणाबाईच्या लुगड्याचा पदर कडेवरून पाण्यात गेला.

तुळाजीने बांबू खडकाला लावला आणि सगळं बळ एकवटून नाव सोडवली. मग तो वाकला आणि त्याने पदर वर काढला. हिरवा पदर काळा होऊन बाहेर आला होता. नदीत त्या दिवशी पिवळा रंगही नव्हता आणि जांभळाही नव्हता. सगळे रंग एकात एक मिसळून पाणी नुसतं काळं झालं होतं.

तुळाजी सरळ उभा राहिला.

"पाणी बोल," तो म्हणाला.

आवाज मोठा नव्हता. हैबतीने तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"हैबती, आता आपण नावेत आहोत. पाणी बोल."

हैबतीने मान खाली घातली. तो आपल्या बाजूच्या पाण्याकडे बघू लागला. कितीतरी दिवसांत त्याने नदीकडे असं पाहिलं नव्हतं.

"फेस आहे," तो म्हणाला. "मेलेले मासे आहेत. लहान लहान आहेत."

"रंभाजी."

"तळ दिसत नाही, दादा. वास येतोय. वल्ह्याला चिकट काहीतरी लागतंय."

"कुठून येतंय हे?"

"भट्टीच्या नाल्यातून," मागून कुणीतरी म्हणालं.

"भट्टीचं लाकूड कोण वाहतं?"

नाव पाण्यावर तशीच थांबली होती.

"मी," रंभाजी म्हणाला.

"मीही," हैबती म्हणाला.

मागचे एकेक करून बोलले. सगळ्यांत शेवटी तुळाजी म्हणाला, "आणि मी. माझ्या हातात बांबू होता, आणि मी काठावर गप्प बसलो."

मग त्याने बांबू पाण्यात सोडला आणि हाक दिली, "छाती!" सगळी वल्ही एकाच वेळी पाण्यात पडली. सगुणाबाईला पलीकडे पोचवेपर्यंत नावेत पाण्यावाचून दुसरं काही कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून भट्टीच्या कामाला वाडीतली एकही नाव गेली नाही. शेठने आधी धाक घातला, मग जास्त मजुरीची लालूच दाखवली. दोन्ही पुढाऱ्यांचे निरोप आले. वाडी हलली नाही. भट्टी थंड पडली आणि शेवटी शेठने हौद बांधायला घेतले. जे काम एका बैठकीत ठरण्यासारखं होतं, ते असं एका मरणानंतर झालं.

नदी लगेच निवळली नाही. तळाशी बसलेला गाळ कितीतरी दिवस वर येत राहिला. मासे अजून पुरते परतलेले नाहीत. नावांच्या टोकांवरचे झेंडे कुणी काढायला सांगितले नाहीत. ते आपोआप फाटले आणि कुणी नवे लावले नाहीत.

वाडीची बैठक आता पालथ्या नावेभोवती भरत नाही. सगळे मोठ्या नावेत बसतात. नाव काठापासून थोडी आत नेतात आणि बांबू रोवून उभी करतात. मगच बोलायला सुरुवात होते. तुळाजी पुढे उभा असतो. कुणाची जीभ घसरली तर तो तेच दोन शब्द म्हणतो, आणि आता ते म्हणायला त्याला कुणाचीच भीड वाटत नाही.

बैठक संपली की तो घरी येतो. दारातल्या दोरीवर गाळायचं ते फडकं अजून आहे. पुष्कळदा धुतलं, तरी त्याचा रंग गेलेला नाही. काय ठरलं ते सांगायला आता घरात कुणी नाही.

तात्पर्य: जे पाणी सगळ्यांनाच प्यायचं आहे, त्याविषयी बोलायला बसताना आपापले झेंडे बाहेर ठेवावेत, आणि वाद थांबवण्याचा मान ज्याच्याकडे आहे, त्याने भिडेपोटी गप्प बसू नये, कारण त्याच्या गप्प बसण्याची किंमत भलत्यालाच मोजावी लागते.