रोज साडेसातला जाणारं नेट

"…म्हणजे मधे दोन भिंती आणि एक जिना असेल, तर चार अँटेनांचा राउटर घ्यावा की सहा?"

बुवा मठात सतरंजीवर बसले होते. ते गुडघ्याला तेल चोळत होते.

विचारणारे होते प्राध्यापक नीळकंठ कापसे. बार्शीला पॉलिटेक्निकमध्ये सव्वीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. हे त्यांनी मला चपला काढता काढताच सांगून टाकलं. मी काही विचारलं नव्हतं.

खरं सांगतो, मी वैतागलो होतो. शनिवारची दुपार, चार वाजलेले, सकाळपासून माणसांची रीघ. आमचे सखाहरीबुवा गादीवर बसायच्या आधी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होते, हेच आमच्या मठाचं दुखणं. लोक पाया पडतात, अंगारा लावतात आणि उठता उठता म्हणतात, बुवा, जरा आमच्या नेटचं बघता का? अठरा वर्षं मी इथं झाडलोट करतोय. मोक्षाचं विचारायला आलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. राउटरचं विचारणारी मोजायचं मी सोडून दिलं.

"सहा," बुवा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

कापसे सर हसले. "तसं नसतं बुवा. अँटेना जास्त म्हणजे रेंज जास्त, हा बाजारातला गैरसमज आहे."

"मग चार."

"चारचंही तसं सांगता येत नाही…"

आता मला राहवलं नाही. "अहो सर, तुम्हाला सगळं येतंय तर इथवर टेकडी चढून आलात कशाला?"

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी तांब्या घासायला घेतला.

सरांनी पिशवीतून एक कागद काढून बुवांपुढे पसरला. घराचा नकाशा होता. पट्टीनं आखलेला, खोल्याखोल्यांतून लाल, पिवळे, हिरवे रंग भरलेले. कुठल्या कोपऱ्यात किती सिग्नल मिळतो ते बारीक अक्षरात लिहिलेलं. माणसानं आठ दिवस तरी घातले असतील त्यात. मागच्या बाजूला पाच राउटरांची नावं होती आणि प्रत्येकापुढे गुण-दोष.

"पहिला राउटर जिन्याखाली होता," सर सांगू लागले. "तो बदलला. दुसरा हॉलमध्ये लावला. तोही बदलला. आता तिसरा आहे. वर्षात तीन. मुलीची खोली वर आहे. ती घरूनच काम करते, पुण्याच्या कंपनीचं. आता असा राउटर हवा की नेट जाताच कामा नये. जाताच कामा नये, बुवा."

ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा आवाज जरा वेगळा लागला.

बुवांनी नकाशाकडे नजरसुद्धा टाकली नाही.

"कधी जातं?"

"रेंज वरच्या खोलीत कमी पडते. इथं बघा, हा पिवळा…"

"कुठं ते नाही विचारलं. कधी जातं?"

"कधी म्हणजे… जातं अधूनमधून."

"पावसात?"

"नाही."

"वारं सुटलं की? दुपारी ऊन तापलं की?"

"नाही. संध्याकाळी."

"संध्याकाळी किती वाजता?"

"साडेसात. कधी पावणेआठ."

"रोज?"

"रोज. म्हणजे… रविवारी नाही."

बुवांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. मला कळलं, आता ते खांबावर चढले. एरवी कुणी काही विचारलं की आमचे बुवा पेंगतात, पण फॉल्ट म्हटलं की म्हातारा जागा होतो.

"भूमला नोकरीत असताना एक तक्रार होती," बुवा म्हणाले. "मामलेदाराच्या बंगल्यावरचा फोन. रोज दुपारी एक ते तीन बंद. आठ दिवस खांब चढलो. वायर बदलली, जोड बदलले, डबी बदलली. साहेब शिव्या घालायचे. नवव्या दिवशी दुपारी दीडला सरळ बंगल्यात गेलो. बाई झोपल्या होत्या आणि रिसीव्हर काढून उशीखाली घातलेला."

मी हसलो. ही गोष्ट मी चाळीसदा ऐकली आहे, तरी हसू येतंच.

सर हसले नाहीत. "राउटरला रिसीव्हर नसतो, बुवा."

"नसतो," बुवा म्हणाले. "पण वायरीला घड्याळ कळत नाही हो मास्तर. पाऊस कळतो, ऊन कळतं, उंदीर कळतो. साडेसात फक्त माणसाला कळतात."

…

सर कागदाची घडी घालू लागले. घडी नीट बसेना. पुन्हा उलगडला, पुन्हा घातली.

"रविवारी का जात नाही?" बुवांनी विचारलं.

"रविवारी तिला सुट्टी असते. ती खालीच असते."

"आणि तुम्ही परगावी असलात की?"

सरांनी घडी पुन्हा उलगडली.

"मागं कधी गेला असाल ना? पेपर तपासायला म्हणा, लग्नाकार्याला म्हणा…"

"एप्रिलमध्ये. चार दिवस."

"तेव्हा गेलं?"

मी तांब्या घासायचा थांबलो. मला अजून काही उमगलं नव्हतं, पण थांबलो.

"नाही गेलं," सर म्हणाले.

आणि मग मला उमगलं. हातातला तांब्या मी खाली ठेवला. अरे देवा! हा माणूस स्वतःच!

मला राग आला. वर्षभर पोरीला छळायचं, दर चार महिन्यांनी नवा डबा आणून नाटक करायचं, वर रंगीत नकाशे काढायचे! मी तोंड उघडणार होतो, तेवढ्यात सर आपणहून बोलायला लागले. बुवांकडे बघून नाही, त्या कागदाकडे बघून.

"पहिल्यांदा खरंच गेलं होतं, बुवा. तिची आई जाऊन तेव्हा सात-आठ महिने झाले होते. मनू ताट वर घेऊन जायची, रिकामं ताट खाली आणून ठेवायची. वाईट नाही हो पोरगी. तिलाही सहन होत नव्हतं. खाली आली की आईची खुर्ची दिसायची. मलाही काही बोलता यायचं नाही. शिकवताना तासभर बोलतो मी, पण घरात… ती बोलायची ना, आमची ही. आमच्या दोघांच्या वाटचं तीच बोलायची."

बुवा ऐकत होते.

"मग त्या दिवशी साडेसातला नेट गेलं. मनू खाली आली. 'बाबा, नेट गेलं.' मी राउटर बंद करून चालू केला. दिवे यायला दोन मिनिटं लागतात. ती जिन्यात बसून राहिली. मला म्हणाली, दाढी का नाही केलीत? एवढंच. मग हिरवा दिवा लागला आणि ती वर गेली. दुसऱ्या दिवशी मी दाढी केली. आणि साडेसातला…"

त्यांचा अंगठा कागदावर दाबला गेला.

"…बटण दाबलं," बुवा म्हणाले.

"हो."

"दोनच मिनिटं?"

"सुरुवातीला दोन. पुढं पुढं मी पाच लावायला लागलो. हे तपासतो, ते तपासतो म्हणायचो. ती बसायची. ऑफिसातलं सांगायची. एकदा भेळ करून आणली आणि आम्ही दोघं तिथंच जिन्यात बसून खाल्ली. त्या दिवशी मी वीस मिनिटं लावली."

माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक. राहिला असेल थोडा, पण बोलण्याएवढा नव्हता. मी उठलो आणि सरांना पाणी आणून दिलं. त्यांनी भांडं हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत.

"तुम्ही तिला नुसती हाक का नाही मारली हो, सर?" मी विचारलं. माझ्याच्यानं राहवेना.

"मारली असती. पण आल्यावर बोलणार काय? नेट गेलं म्हटलं की निदान कारण तरी असायचं."

मी पुन्हा तांब्या उचलला.

"मग आता काय झालं?" बुवांनी विचारलं. त्यांचा आवाज दमलेला होता. दिवसभरात साठ-सत्तर माणसांचं ऐकून झालेलं.

"मार्चपासून महिन्यातून एखाद्या दिवशी तिची मीटिंग संध्याकाळी सात ते नऊ असते. बाहेरच्या देशातल्या लोकांबरोबर. हे मला माहीत नव्हतं. तीनदा ऐन मीटिंगमध्ये गेलं. तिच्या साहेबांनी तिचं काम काढून दुसऱ्याला दिलं. परवा म्हणाली, बाबा, या घरात नेट टिकत नाही, मी पुण्यात खोली बघितलीय. सोमवारी जाते. परत येईन म्हणाली नाही."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणालो, नवा राउटर आणतो."

मठाबाहेर कुणाची तरी मोटारसायकल येऊन थांबली. आणखी एक, मी मनात म्हटलं, आणि दार लोटून कडी घातली. थांबू दे जरा बाहेर.

"मास्तर," बुवा म्हणाले, "तुमच्या यादीत तर पाच आहेत. तुम्हाला नेमका कसला हवाय?"

सरांनी भांडं खाली ठेवलं. आता त्यांच्या चेहऱ्यावर तो प्राध्यापकी तोरा नव्हता. छप्पन्न-सत्तावन्नचा माणूस, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात घातलेलं. घरात सांगणारं कुणी नाही, हे त्या बटणावरूनच दिसत होतं.

"मला बंद करता येणार नाही असा," ते म्हणाले.

…

बुवा हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही.

"वरती बसवतो," सर घाईघाईनं सांगू लागले. "तिच्याच खोलीत. बॅटरीवर. पेटीत घालून कुलूप लावतो आणि किल्ली तिच्याकडे देतो. पासवर्डही तिनंच ठेवायचा, मला सांगायचा नाही. मग तर जाणार नाही ना ती? तुम्ही सांगा, यातला कुठला घेऊ? मला आता निवडता येत नाही बुवा. दोन रात्री झोप नाही मला."

बुवांनी हात पुढं केला. सरांनी कागद दिला. बुवांनी तो न उघडता मांडीखाली सारला आणि हात पुन्हा पुढं केला.

"फोन द्या."

"माझा?"

"द्या हो."

सरांनी खिशातून मोबाईल काढून दिला. बुवांनी डोळ्यांपासून लांब धरून पाहिला. "भानुदास, चष्मा." मी चष्मा दिला. त्यांनी नावं खालीवर केली, हवं ते सापडल्यावर थांबले.

"फॉल्ट सापडला की आम्ही आधी ऑफिसला कळवत नव्हतो," बुवा म्हणाले. "आधी ज्याची तक्रार, त्याला खांबावरूनच रिंग द्यायचो. कुठं होता, काय होता, सांगायचो. मग खाली उतरायचो."

सरांच्या लक्षात आलं. ते अर्धवट उठले. "नको बुवा. फोनवर नको. मी घरी जाऊन…"

"घरी जाऊन राउटर बसवाल."

सर पुन्हा खाली बसले.

"तिला काय वाटेल? बाप असा… तिची नोकरी…" त्यांचे शब्द जागेवर पडत नव्हते. "ऐकून ती आजच निघून गेली तर?"

"ती सोमवारी जातेच आहे," बुवा म्हणाले. अगदी हळू म्हणाले, पण म्हणाले.

आणि त्यांनी बोट टेकवलं. आवाज मोठा करून फोन सतरंजीवर, सरांच्या पुढ्यात ठेवला.

रिंग वाजायला लागली. एक. दोन. मी देवाचं नाव घेत होतो, पण नेमकं काय मागत होतो ते मला सांगता येणार नाही. तिनं उचलू नये असंही वाटत होतं.

तिनं उचलला.

"हॅलो, बाबा? कुठं आहात? जेवणसुद्धा तसंच टाकून गेलात…"

सरांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. डोळ्यांतून पाणी मात्र यायला लागलं, आणि ते पुसायलाही त्यांचा हात उठेना.

"बाबा? हॅलो… ऐकू येतंय का?"

सरांनी बुवांकडे पाहिलं. मान हलवली, नाही जमत म्हणून.

"हॅलो… हॅलो… काहीच ऐकू येत नाहीये. रेंज नाही वाटतं तिथं. ठेवते मी, बाबा…"

बुवा पुढं झुकले. त्यांचा तेलकट हात सरांच्या पाठीवर होता.

"रेंज आहे," ते म्हणाले. "बोला, मास्तर."