पंचांगात नसलेला उपास

एकदा एक कचेरी होती, आणि तिची ख्याती अशी की तिथे कुणी आवाज चढवत नाही. काम तसे किचकट. वर्षभराचे पंचांग तिथे तयार होई: तिथी, नक्षत्रे, चंद्रोदय, सण आणि उपास. दहा-बारा माणसे सकाळपासून आकड्यांत मान खुपसून बसत. दुपारी एकचा ठोका पडला की सगळी उठत, मागच्या पडवीत गोल करून बसत आणि आपापले डबे मधोमध उघडत. माझे-तुझे काही नाही. कुणाची लसणाची चटणी, कुणाची मेथीची भाजी, वेणूताईंच्या ज्वारीच्या भाकऱ्या. आणि हसणे तर एवढे, की रस्त्याने जाणारा थबकून विचारी, आज इथे काही कार्य आहे काय? आता तुम्ही म्हणाल, अशा सुखी जागेची गोष्ट ती काय सांगायची! जरा दम धरा.

कचेरीचे प्रमुख एक वृद्ध ज्योतिर्विद होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. विश्वंभर त्यांचा शिष्य. वय तिशीचे, गणितात तल्लख, आणि गुरुजींनंतर कचेरी तोच सांभाळणार हे सर्वांनी धरून ठेवलेले. दोन वर्षांपूर्वी त्याने मोठ्या हौसेने एक लाकडी पाटी रंगवून दारावर टांगली होती: ‘घरची काळजी चपलांबरोबर बाहेर ठेवावी.’ पाटी सगळ्यांना फार आवडली. गुरुजींनी ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि आत गेले.

छपाईआधी प्रत्येक पानाचे वाचन होई. एकाने छापून आलेला कच्चा कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मूळ हस्तलिखितावर बोट ठेवून ऐकायचे. जुळले तर म्हणायचे ‘हं’, न जुळले तर ‘थांबा’. ऐकणाऱ्यांत सर्वांत जुने त्र्यंबकराव. बावीस वर्षे त्यांच्या ‘हं’च्या भरवशावर पंचांग छापले जात होते, आणि विश्वंभरला हे काम शिकवले तेही त्यांनीच.

त्या वर्षी पंचांगाचे मालक शेठजी सहज म्हणून कच्चे कागद चाळत बसले आणि त्यांच्या नजरेस एक चूक पडली. मूळ कागदात तृतीया एक्केचाळीस घटींना संपत होती, छापील कागदावर चौदा. आकडे उलटे पडले होते. एवढ्याशा गोष्टीने संकष्टी एक दिवस आधी आली असती आणि हजारो घरांनी भलत्याच संध्याकाळी चंद्राची वाट पाहिली असती. शेठजी संतापले. “येत्या शनिवारी दुपारी दीड वाजता येतो,” त्यांनी विश्वंभरला बजावले. “ज्याने हे पान ऐकलं त्याचं नाव कागदावर लिहून माझ्या हातात द्यायचं. असा माणूस मला एक दिवसही नको.”

पान त्र्यंबकरावांनी ऐकले होते. आणि महिन्यातली ही त्यांची तिसरी चूक होती. आधीच्या दोन विश्वंभरने गुपचूप दुरुस्त केल्या होत्या. प्रेमाची माणसे, वडीलधारी. उगाच बोलून मन कशाला दुखवा? चांगुलपणाच्या पांघरुणाखाली आपण काय काय झाकतो, ते ज्याचे त्याने आठवून पाहावे.

विश्वंभरने नाव लिहिले, कागदाची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग त्याला राहवेना. तो त्र्यंबकरावांकडे गेला.

“बरं आहे ना सगळं?”

“मजेत! मला काय धाड भरलीय?” त्र्यंबकराव हसले. हसताना गालांची हाडे वर आली.

“मग हल्ली पंगतीला दिसत नाही तुम्ही.”

“अहो, आज सोमवार. शंकराचा.”

पंगतीला त्र्यंबकराव तीन आठवडे नव्हते. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. मध्येच एखादी एकादशी, एखादा प्रदोष. दुपार झाली की ते आपली कापडी पिशवी उचलून कडुनिंबाखाली जात, पाणी पीत आणि डोळे मिटून बसत. दुसऱ्या कुठल्या कचेरीत कुणी तरी म्हटले असते, एवढे उपास असतात का हो? पण ही पंचांगाची कचेरी! वर्षाचे सगळे उपास ही माणसे स्वतःच्या हाताने मांडत. उपास म्हटला की त्यांचे हात आदराने जुळत. “व्रतस्थ माणूस,” असे म्हणून वेणूताई त्यांच्या वाटणीची भाकरी दुसऱ्याला वाढत.

त्याच सोमवारी गुरुजींनी पंगतीत आपला डबा उघडला. डबा रिकामा होता. घासून लख्ख केलेला, आत काही नाही. गुरुजींची सून सुगरण. तिच्या मसालेभातासाठी सगळे टपलेले असत.

“आज माझ्या डब्यात काही नाही,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “वाढा मला.”

वेणूताईंनी घाईघाईने भाकरी वाढली, कुणी भाजी, कुणी लोणचे. गुरुजी पोटभर जेवले आणि वर आणखी चटणी मागून घेतली. कडुनिंबाखाली त्र्यंबकरावांनी डोळे उघडून एकदा इकडे पाहिले.

मंगळवारी पुन्हा रिकामा डबा. “वाढा मला.” बुधवारी तेच. आता पंगतीतले हसणे उतरले. सूनबाई रुसल्या की मुलगा फिरला? गुरुजींचे डोके तर ठिकाणावर आहे ना? कुजबुज विश्वंभरच्या कानांवर आली आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. खिशात तो कागद, समोर येणारा शनिवार, आणि ज्यांच्याकडे आधाराला पाहावे ते गुरुजी चारचौघांत भाकरी मागताहेत! संध्याकाळी तो त्यांच्या घरी गेला. गुरुजी देवळात गेले होते. सून दारात आली.

“मी काय करू, भाऊजी?” ती डोळ्याला पदर लावत म्हणाली. “मामंजींनीच सांगितलंय, शनिवारपर्यंत डबा रिकामाच दे म्हणून. लोक मला नावं ठेवतील म्हटलं, तर म्हणाले, चार दिवस सोस, पोरी.”

गुरुवारी सकाळी विश्वंभरने गुरुजींना गाठले. “गुरुजी, लोक बोलायला लागलेत. हे काय चालवलंय तुम्ही?”

“बोलू दे.” गुरुजींनी हातातला कागद खाली ठेवला. “तू पंचांगवाला ना? काल काय होतं?”

“बुधवार. कृष्ण सप्तमी.”

“उपास कशाचा?”

“कशाचाच नाही.” विश्वंभर थांबला. “पण त्र्यंबकरावांचा होता. नवसाचा, म्हणाले.”

“बरं. त्यांच्या तीन चुका झाल्या. कोणत्या वेळच्या?”

गुरुजींना आधीच्या दोन ठाऊक आहेत हे ऐकून विश्वंभर ओशाळला. त्याने पानागणिक वेळ नोंदलेली वाचनाची वही उघडली, बोट फिरवले. पहिली चूक दुपारी साडेतीन. दुसरी चारच्या सुमारास. तिसरी पुन्हा साडेतीन. सकाळच्या पानांवर एकही नाही. तीन आठवडे! चंद्र कुठल्या पळाला उगवतो ते आपण सांगतो, आणि दहा पावलांवरच्या माणसाला भूक लागली आहे हे दिसले नाही? तो तसाच उठला. त्र्यंबकरावांकडे धावणार, तोच गुरुजींनी त्याची बाही पकडली.

“बस खाली.”

“गुरुजी, मी त्यांना हाताला धरून पंगतीला आणतो!”

“आणशील. आणि सगळ्यांदेखत विचारशील, का हो, उपाशी का राहता? मग उद्यापासून ते कडुनिंबाखालीही दिसायचे नाहीत.”

“पण शनिवार दोन दिवसांवर आलाय!”

“मला मोजता येतं,” गुरुजी म्हणाले, आणि पुन्हा कागदात डोके घातले.

शुक्रवार गेला. रिकामा डबा, “वाढा मला”, कडुनिंबाखाली पाणी. त्र्यंबकराव मात्र त्या दिवशी डोळे मिटून बसले नाहीत. जेवण संपेपर्यंत ते गुरुजींच्या हातांकडे पाहत राहिले. विश्वंभरने आपली भाकरी शेजाऱ्याच्या डब्यात सरकवली. आपण दोन वेळा गप्प बसलो नसतो तर, हे त्याच्या मनातून जाईना.

शनिवार उजाडला. एक वाजला. डबे उघडले. दीड वाजता शेठजींची मोटार दारात येणार होती आणि विश्वंभरचे सगळे लक्ष घड्याळाकडे. गुरुजींनी आपला डबा उघडला. रिकामा. “वाढा मला,” ते म्हणाले.

तेवढ्यात कडुनिंबाखालून त्र्यंबकराव उठले. कापडी पिशवी छातीशी धरून पडवीच्या पायरीशी आले, थांबले. गुरुजींनी मान वर न करता थोडे सरकून शेजारी जागा केली. त्र्यंबकराव बसले. पिशवीतून डबा काढला. झाकण उघडले.

आत काही नव्हते. धुतलेल्या डब्यात पाण्याचे दोन थेंब तेवढे होते.

“माझाही रिकामाच आहे,” ते म्हणाले. “मलाही वाढा.”

मग ते बोलत राहिले, कुणी विचारले नव्हते तरी. बायको तीन आठवडे इस्पितळात होती. पहाटे उठून ते स्वतः भाकऱ्या थापत. दोन-तीन बऱ्या निघत त्या तिच्यासाठी, बाकीच्या म्हाताऱ्या आईला आणि मुलांना. उरे ती करपलेली, मोडलेली; ती सकाळीच खाऊन ते निघत. “तुमच्या भाज्यांच्या शेजारी ती कशी मांडू? आणि नुसतं घ्यायला बसायचं तर तोंड कुठून आणू? घरी आईने विचारू नये म्हणून डबा रोज आणतो. इथं दारावर पाटी आहे. इथं सगळे हसत असतात. माझं रडगाणं कुठे गाऊ, सांगा!” एवढे बोलून तो साठीचा माणूस ढसाढसा रडला. वेणूताईंनी डोळे पुसत त्यांच्या डब्यात दोन भाकऱ्या ठेवल्या, आणि मग एवढे हात पुढे आले की डब्याचे झाकण लागेना.

हात धुताना विश्वंभर गुरुजींना हळूच म्हणाला, “तुम्हाला पहिल्यापासून कळलं होतं. मग सरळ विचारलं का नाही?”

“तू विचारलं होतंस ना? काय म्हणाले?”

“मजेत.”

“मलाही तेच म्हणाले असते.” गुरुजींनी पंच्याला हात पुसले. “अरे, आपल्या पंगतीत द्यायला सगळे शिकले. मागायला कुणी शिकलं नाही. ज्याच्याकडे वाढायला काही नाही, त्याला तिथे बसायची चाल नव्हती. ती चाल सुरू करायची तर कुणीतरी आधी आपला डबा रिकामा उघडायला हवा होता, आणि मी या जागी सगळ्यांत मोठा. मी मागितलं तर मागणं हलकं राहत नाही. आणि हो, तू त्यांच्या चुका झाकल्यास, त्यांनी भूक झाकली. दोघांनीही चांगुलपणानेच झाकलं. आता सांग, संकष्टी एक दिवस चुकली म्हणून आपण एवढे हादरलो, पण हे एकवीस दिवसांचे उपास आपल्याच कचेरीत चुकत होते, त्याचं काय?”

तेवढ्यात बाहेर मोटार थांबली.

शेठजी आत आले ते हात पुढे करूनच. “नाव?”

विश्वंभरने खिशातला कागद काढला. त्र्यंबकराव पडवीच्या दारात उभे होते. त्यांनी नजर खाली वळवली नाही. विश्वंभरने कागद उघडला, त्यावरचे नाव खोडले, खाली दुसरे लिहिले आणि शेठजींच्या हातात दिला.

“हे तर तुझं नाव!”

“दुपारचं वाचन माझ्या देखरेखीखाली होतं. आधी दोन चुका दिसल्या तेव्हाच मी बोलायला हवं होतं. नाही बोललो. यापुढे बोलेन.”

शेठजींनी गुरुजींकडे पाहिले. मग त्र्यंबकरावांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे, मग त्यांच्यामागे पडवीत मधोमध ठेवलेल्या त्या दोन रिकाम्या डब्यांकडे. काहीतरी त्यांच्या ध्यानात आले असावे. आवाज खाली आला.

“आज मी न जेवताच निघालो होतो,” ते पुटपुटले.

“डबा आणलात?” गुरुजींनी विचारले.

“नाही.”

“मग बसा. इथे आता रिकाम्या हातांनी येणाऱ्यांचीही सोय आहे.”

शेठजी बसले, जेवले आणि कागद खिशात घालून गेले. त्याचे पुढे काय केले ते त्यांनी कुणाला सांगितले नाही, पण विश्वंभरचे काम गेले नाही आणि त्र्यंबकरावांचेही नाही. दारावरची पाटी विश्वंभरने त्याच संध्याकाळी उतरवली. लाकूड चांगले होते. गरम भाजीच्या भांड्याखाली ती पालथी ठेवायला वेणूताईंनी मागून घेतली.

पुढचा सोमवार द्वादशीचा होता, म्हणजे उपास सोडण्याचा. त्र्यंबकरावांनी पंगतीत आपला डबा उघडला. आत एक भाकरी होती, एका अंगाने पार काळी.

“करपलीय हो,” वेणूताई म्हणाल्या.

“करपलीच आहे,” त्र्यंबकराव म्हणाले. विश्वंभरने पहिला तुकडा मोडून घेतला.

दुपारी साडेतीनला दोघे वाचनाला बसले. विश्वंभर मोठ्याने वाचत होता, त्र्यंबकरावांचे बोट मूळ कागदावरून सरकत होते. “हं. हं. हं.” पानाच्या मध्यावर बोट थांबले.

“थांबा,” त्र्यंबकराव म्हणाले.