ओळीतली घागर

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा गावांना वेशी होत्या आणि वेशींना दारं होती.

डोंगराच्या पायथ्याशी असंच एक गाव होतं. बाजार वाढला तशी गावातली घरं महागली, आणि गावाचं काम करणारेच एकेक करून गावाबाहेर राहायला जाऊ लागले. पंचायतीला ते बघवेना. पंचांनी वेशीच्या आत बारा घरं बांधली. गावात राबणाऱ्या आणि स्वतःचं छप्पर नसलेल्या माणसालाच, त्याला झेपेल अशा किमतीत, ती द्यायची असं ठरलं.

मागणारे अर्थातच बारापेक्षा जास्त निघाले. मग पंचायतीने गावाची जुनी रीत काढली. पाणी आटलं की विहिरीवर घागरी ओळीने लावतात ना, तशाच घागरी पाराजवळ लावायच्या. पंच पुढून एकेक घागर घेणार. जवळ धनी उभा असेल तर घर त्याचं, नसेल तर घागर उचलून ओळीच्या शेवटी.

हे काम रखमाजीकडे होतं. रखमाजी पंच म्हणजे सरळ माणूस, आणि आपण सरळ आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. त्या दिवशी पहाटे घरातून निघताना त्याने बायकोला बजावलं, "वाटप होईस्तोवर घरचं काहीही माझ्या कानावर घालायचं नाही. नाहीतर लोक म्हणतील, पंचाचं चित्त घरात आणि घरं सग्यासोयऱ्यांत."

"अहो, पण गोदीचे दिवस भरलेत," बायको म्हणाली. गोदी त्यांची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली.

"बायकांचं बायकांनी बघा," असं म्हणून तो पाराकडे गेलासुद्धा.

ओळीत चौथी घागर येसूबाईची होती, पोटाला पोचा पडलेली. येसूबाई गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातात जन्मलेलं, पण ती स्वतः राहायची दुसऱ्याच्या गोठ्याच्या पडवीत. पडवी आता मालकाला गुरांसाठी हवी होती. घर मिळालं नाही, तर घाटापलीकडे भावाच्या गावी जाण्यावाचून तिला दुसरा मार्ग नव्हता. आदल्या रात्री तिला डोळ्याला डोळा लागला नव्हता.

वाटप सुरू झालं. पहिली घागर, दुसरी, तिसरी. चौथीजवळ कुणीच नव्हतं.

"हिचा धनी कोण?" रखमाजीने विचारलं.

"येसूमावशीची हाय, अण्णा," मागची कुंभारीण म्हणाली. "आत्ता हुती हितं. तिला बोलावणं आलं म्हणून..."

"शेजाऱ्याने शेजाऱ्याची वकिली करायची नाही."

"आवं, पर ऐकून तर घ्या, ती तुमच्याच..."

"माझ्याच काय? माझ्या ओळखीची आहे म्हणून थांबू? मला सगळी सारखी!" रखमाजीचा आवाज चढला. कुंभारीण बिचारी गप्प झाली. तिचीही घागर ओळीत होती, आणि पंचाला दुखवून कसं चालेल?

रखमाजीने ती पोचा पडलेली घागर स्वतःच्या हातांनी उचलली आणि ओळीच्या शेवटी नेऊन ठेवली. तिची पाळी पुन्हा यायच्या आतच घरं संपली. बारावं घर एका घोंगड्या विणणाऱ्याला मिळालं. तोही गरजूच होता, त्याचा काही दोष नव्हता.

दिवस कलता रखमाजी घरी निघाला. आज आपण ओळखीपाळखीला भीक घातली नाही, या समाधानात तो दारात आला आणि त्याला बाळाचं रडणं ऐकू आलं.

"नातू झाला!" बायको धावत बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते. "आडवं होतं हो मूल. येसूबाई आल्यापासून जागची हलली नाही. ती नसती तर दोघंही हातची गेली असती."

परसात येसूबाई हात धूत होती. थकून गेलेली, पण हसत होती. रखमाजीला पाहून तिने पदर सावरला आणि विचारलं, "अण्णा, माझी घागर व्हती ना जाग्यावर?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या सरळपणाची लाज वाटली.

"मी उचलली, येसूबाई," तो कसाबसा म्हणाला. "याच हातांनी."

येसूबाईने ओले हात पदराला पुसले, आत जाऊन बाळाचं दुपटं नीट केलं आणि निघून गेली. तिने चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी रखमाजीने गाव पारावर जमवलं. "दिलेली घरं दिली, ती परत घ्यायची नाहीत. चूक माझी, तेव्हा दंडही माझा. माझ्या अंगणाचा रस्त्याकडचा कोपरा येसूबाईच्या घराला," तो म्हणाला.

येसूबाई उठून उभी राहिली. "मला दान नको, अण्णा. बारा जणांनी जी किंमत दिली, तीच मी देनार."

"तीच घेईन," रखमाजी म्हणाला.

भिंतींची माती कुंभारणीने मळली, आणि बाराही घरांतली माणसं हातभार लावायला आली. घर उभं राहिलं तेव्हा पोचा पडलेली ती घागर रखमाजीने पाण्याने भरून स्वतःच्या खांद्यावरून आणली आणि तिच्या चुलीशेजारी ठेवली.

पुढेही त्या गावात घरं वाटली गेली, आणि घागरींची ओळही तशीच लागत राहिली. फक्त एखाद्या घागरीजवळ धनी दिसला नाही, तर पंच तिला हात लावण्याआधी मोठ्याने विचारू लागले, "हिचा माणूस कुठं अडकलाय?" आणि उत्तर मिळेपर्यंत ओळ थांबू लागली.

तात्पर्य: नियम सगळ्यांना सारखा असावा, पण तो लावण्याआधी समोर नसलेल्या माणसाची चौकशी करावी.