राजांच्या कथेला हुंकार

कासारगडच्या मानाजीराजांनी कथा लिहिली, आणि ती वाचत असतानाच मागे मोरचेल ढाळणाऱ्या मल्हारीने जांभई दिली.

कथा राजांचे धाकटे बंधू शंभूराजे यांची होती. ते गेल्या वर्षी तापाने गेले. दरबार वाहवा करत होता, जांभई एकट्या मल्हारीची. त्याला तिथूनच नेऊन त्याचे पाय खोड्यात अडकवले.

दुसऱ्या दिवशी त्याची थोरली बहीण सगुणा मेंढरं शेजाऱ्यावर सोपवून दरबारात आली.

"महाराज, जांभई काही ठरवून येत नाही."

"माझ्या कथेत खोट आहे म्हणतेस?"

"मी कुठं ऐकलीय?"

राजे हट्टाला पेटले. "मग कुणाला जांभई येणार नाही अशी करून दाखव. पण माझ्या भावाची कथा आहे. एक अक्षर खोडायचं नाही, एक घालायचं नाही. जो अक्षराला लेखणी लावील त्याचा हात तोडीन. जमलं तर मल्हारीला घेऊन जा, नाही जमलं तर तो जन्माचा हद्दपार."

दरबारचे शास्त्रीबुवा घाईघाईने म्हणाले, "महाराज, ही कथा सुधारणं कुणाच्या बापाला जमणार नाही."

राजांना हे आवडलं. मग ते थोडा वेळ विचारात पडले.

"करते," सगुणा म्हणाली. "मला एकच भाऊ आहे, महाराज."

राजांनी पोथी तिच्यापुढे सरकवली.

"मला वाचता येत नाही. शास्त्रीबुवांनी वाचावी. पण आमच्या धनगरवस्तीवरची रीत पाळायची. ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा, तरच सांगणारा पुढं जातो. हुंकार आला नाही तर तेवढं पुन्हा सांगायचं. ऐकणारा 'राहू दे' म्हणाला तरच ते सुटतं."

"हुंकार कोण देणार?"

"भाऊ ज्याचा गेला, त्यानं."

पोथी सुट्या पानांची होती. शास्त्रीबुवांनी पहिलं पान उचललं. त्यात राजवाड्यावर सूर्य उगवत होता.

"हूं," राजे म्हणाले.

पुढच्या पानावर राजवाड्याचे खांब होते. त्याच्या पुढच्याही पानावर खांबच होते. राजे खिडकीबाहेर कबुतरं बघू लागले. शास्त्रीबुवा थांबले.

"खांब पुन्हा," सगुणा म्हणाली.

शास्त्रीबुवांनी खांब पुन्हा वाचले. राजांनी मांडी बदलली. कबुतर उडून गेलं.

"पुन्हा," सगुणा म्हणाली.

"राहू दे गं ते खांब! मला रोज दिसतात."

"शास्त्रीबुवा, महाराज राहू दे म्हणाले. ते पान तिकडं ठेवा."

मग घोड्याचे दागिने आले. तेही तिकडे गेले. मग शंभूराजांनी एकट्याने हत्तींचा कळप लोळवला.

"हे राहू दे," राजे हळूच म्हणाले. "शंभू हत्तीला घाबरायचा."

'तिकडचा' ढीग वाढत गेला. शास्त्रीबुवांचा घसा सुकला. मग एक पान आलं:

"शंभू मागच्या झाडाच्या चिंचा चोरी. अर्धी खाई आणि उरलेली माझ्या मुठीत कोंबी. माळी आला की मुठीत चिंच माझ्याच सापडे."

हुंकार आला नाही. शास्त्रीबुवांनी रीतीप्रमाणे तेच पान पुन्हा उचललं.

"थांबा बुवा," सगुणा म्हणाली. "हा हुंकार यायला वेळ लागतो."

दरबार थांबला. राजे आपल्या मुठीकडे बघत बसले होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "हूं."

शेवटी एक ढीग उशीएवढा झाला आणि दुसरा चपातीएवढा. सगुणाने मल्हारीला आणवलं, हातात मोरचेल दिलं, आणि शास्त्रीबुवांकडून पातळ ढीग वाचून घेतला. मल्हारी ऐकता ऐकता मोरचेल ढाळायचं विसरला. वाचून झालं तरी तो तसाच उभा.

"संपली?" त्याने विचारलं. "पण महाराज, माळ्याला तुम्ही शंभूराजांचं नाव सांगितलं का?"

"कधीच नाही," राजे म्हणाले. मग ते एकदम सगुणाकडे वळले. "पोरी, एवढी पानं गेली! माझ्या कथेला हात लावलास?"

"मला अक्षर ओळखता येत नाही, महाराज. लेखणी कुणी उचलली नाही. सगळी अक्षरं जिथल्या तिथं आहेत, फक्त दोन ढिगांत. पानं उचलली शास्त्रीबुवांनी, आणि राहू दे म्हणाले आपण. आता कुणाचा हात तोडायचा ते ठरवा."

शास्त्रीबुवांनी दोन्ही हात उपरण्याखाली घेतले.

राजे हसू लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा हसले. मल्हारी सुटला. सगुणाला गडाच्या पायथ्याचं कुरण मिळालं, आणि राजांच्या प्रत्येक नव्या कथेला पहिला हुंकार देण्याचा मान.

"आणि हा जाड ढीग?" राजांनी विचारलं.

"तो मल्हारीला द्या, महाराज," सगुणा म्हणाली. "खोड्यात त्याची झोप झालेली नाही."