चूलबंद आवतण

पहिलं पान

पळसवडीच्या शिवेवर, ओढ्याकाठच्या महादेवाच्या देवळामागे एक पडकी ओवरी होती. त्या ओवरीत वाकळे महाराज राहत. ते कुठून आले, कोणत्या घरचे, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. ऊन असो, थंडी असो, अंगावर एकच ठिगळांची वाकळ. म्हणून लोक त्यांना वाकळे महाराज म्हणत. महाराज रोज पाच घरी भिक्षा मागत, सहाव्या दारात उभे राहत नसत. त्यांच्यापुढे धुनी असे आणि ती विझलेली कोणी पाहिली नव्हती. जेवायला ताट नसे. पळसाची पत्रावळ, तीही एकाच घरची: देवळाचे पुजारी सिदू गुरव, त्यांच्या मुलीनं, येसूनं लावलेली.

भाविकहो, ही कथा पत्रावळीची आहे, म्हणून पानापानानं सांगू. मध्ये एखादं पान फाटकं निघेल. निघतंच. त्यावर दुसरं पान ठेवायचं, बांबूची चोय टोचायची आणि पुढं जायचं.

दुसरं पान

येसूचं लग्न ठरलं, हिवरे गावात. आई तिच्या आठव्या वर्षीच गेलेली. घरात दुसरी बाईमाणूस नाही. त्यामुळे ज्या गोष्टी नवरीच्या कानावरही पडू द्यायच्या नसतात, त्या सगळ्या तिच्याच डोक्यावर आल्या.

पळसाच्या पानांच्या ढिगात बसून येसू आपल्या लग्नाचं जेवण जुळवत होती. चोय टोचता टोचता ती मनाशी म्हणे, तांदूळ सात पायली, डाळ दोन पायली, खिरीला गहू आणि एक ढेप गूळ, भाजी मळ्यातल्या भोपळ्याची. दीडशे पानं उठतील. वीस वर्षांत गावात झालेल्या प्रत्येक पंगतीची पत्रावळ या घरातून गेली होती; किती पानांना किती लागतं, हे तिला तोंडपाठ होतं. भात उरावा, खीर पुरावी, वरण पातळ होऊ नये. बस, एवढंच तिचं मागणं होतं.

एकच गोष्ट तिला जुळवता येत नव्हती. लग्न ठरलेल्या मुलीला घरोघरी बोलावून पाटावर बसवतात, गोडाधोडाचं केळवण करतात. महिना उलटला, तरी येसूला एकाही घरचं बोलावणं आलं नाही. कुणाला वैर नव्हतं. आईविना मुलीची आठवण करून देणारं कुणी नव्हतं, इतकंच.

तिसरं पान

गावातल्या मोठ्या घरांची आवतणं फिरवणं हे सिदू गुरवांचं पिढीजात काम. दारात उभं राहायचं, अक्षत-सुपारी हातावर ठेवायची आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, “चूलबंद आवतण आहे हो!”

चूलबंद म्हणजे घरातलं लेकरूबाळ, म्हातारंकोतारं सगळ्यांनी जेवायला यायचं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. असं आवतण देणं देशमुखांसारख्यांनाच परवडे. गरिबानं म्हणायचं, ‘घरटी एक माणूस.’

निघताना येसूनं वडिलांकडून घोकून घेतलं.

“बाबा, काय म्हणायचं?”

“घरटी एक माणूस.”

“पुन्हा म्हणा.”

“अगं, म्हटलं की! घरटी एक माणूस. मी काय कुकुलं बाळ आहे?”

पण पहिल्याच दारात ‘माझ्या येसूचं लगीन’ असं म्हणताना त्यांना तिची आई आठवली आणि पुढचे शब्द जिभेनं आपल्या सवयीनं उच्चारले. वीस वर्षांची सवय! मग दुसरं दार, तिसरं दार. नव्वद घरं. शेवटच्या दारात ठकूमावशी होती. ती विधवा बाई, येसूच्या आईची मैत्रीण.

“सिदूभाऊ,” ती दबकत म्हणाली, “चूलबंद म्हणालात? एवढं शिजवणार कोण?”

सिदू गुरव तिथेच खाली बसले.

दिलेली अक्षत परत मागता येत नाही. ते मुलीच्या कपाळाला लागतं, अशी समजूत. घरी येऊन त्यांनी येसूला कसंबसं सांगितलं आणि त्यानंतर त्यांचं बोलणंच थांबलं. पूजा करत, पाणी भरत, तोंडातून शब्द नाही.

चौथं पान

पंगतीची मोठी भांडी गावात एकाच घरी, देशमुखांच्या आक्कासाहेबांकडे. येसू मागायला गेली तेव्हा आक्कासाहेब ओसरीवर चार बायकांत बसल्या होत्या.

“या, या! चूलबंदवाल्या आल्या.” बायका हसल्या. “काय हवं गं?”

“दोन हंडे आणि एक कढई, आक्कासाहेब.”

“इश्श! गावजेवण घालणाऱ्यांच्या घरी हंडा नाही? बघ की नीट, माळ्यावर असेल.”

“बाबांची चूक झाली. सवयीनं बोलून गेले.”

“सवयीनं! आमची अक्षत फिरवून फिरवून गुरवाला देशमुख झाल्यासारखं वाटलं, नाही का?” आक्कासाहेबांनी सुपारी कातरली. “आणि तो तुमचा गोधडीतला देव कुठे गेला? पत्रावळी खाऊ घालतेस ना त्याला? त्याला सांग, वाकळ झाड म्हणावं, पडतील चार हंडे.”

मग त्या बायकांकडे वळल्या. “हे बघा गं, लेकरं उपाशी ठेवू नका. त्या दिवशी सकाळीच चुली पेटवा, जेवा आणि मग मांडवात जा, मजा बघायला. आमच्याकडे तर पेटणारच. आमचा आचारी काही तिकडे जायचा नाही.”

येसू रिकाम्या हातांनी परतली. वाटेत तिनं दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. गाव आलं, तर पाचशे माणसांत दीडशे पानांचं अन्न. पहिली पंगत उठेल, दुसरी उपाशी राहील. गाव पानावर बसायला नाही आलं, तर हिवऱ्याच्या व्याह्यांनी सुपारी फोडतानाच सांगितलं होतं: गावाच्या मांडीला मांडी लावून आमचं वऱ्हाड जेवेल, गाव नसेल तर मुलगीही नको. आलं तरी बुडाले. नाही आलं तरी बुडाले.

विहिरीच्या काठावर कळशी ठेवून ती बराच वेळ खाली पाहत उभी राहिली. पाणी खोल होतं.

मग तिनं कळशी भरली, कारण घरी बाबा तहानलेले होते.

पाचवं पान, फाटकं

घाणा भरायचा दिवस. पाच सवाष्णींनी मुसळाला हात लावायचा, ओव्या म्हणायच्या.

उखळ धुतलं. हळकुंडं ठेवली. मुसळाला आंब्याची पानं बांधली.

एकही सवाष्ण आली नाही.

आली ती ठकूमावशी. अंगणाच्या कडेला उभी राहिली, आत येईना.

“मावशी, लाव हात.”

“नको गं बाई. माझा हात नको तुझ्या संसाराला.”

“दुसरा कुणाचा आहे?”

ठकूमावशीनं पदर तोंडात कोंबला आणि ती निघून गेली. येसूनं एकटीनं हळद कांडली. ओवी सुरू केली; दुसऱ्या चरणाला उचलून धरणारं कुणी नव्हतं. तिनं ती तिथेच सोडली.

सहावं पान

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती महाराजांची पत्रावळ घेऊन ओवरीत गेली. पत्रावळ ठेवून निघणार, तोच महाराज म्हणाले, “येसू, केळवण झालं का गं तुझं?”

“नाही, महाराज.”

“एकही नाही?”

येसूनं मान हलवली. तिला वाटलं होतं, आता रडू येईल. पण तेही आलं नाही.

“मग आज आमच्याकडे,” महाराज म्हणाले आणि उठले. अंगावरची वाकळ काढून त्यांनी चौघडी करून जमिनीवर अंथरली. “बस. आमच्याकडे पाट नाही.” आपल्यासाठी आणलेली पत्रावळ तिच्यापुढे मांडली. भिक्षेची अर्धी भाकरी, मिठाचा खडा, कुणीतरी दिलेलं चिमूटभर पिठलं. पत्रावळीभोवती धुनीच्या राखेची रांगोळी काढली. आणि थंडीवाऱ्यात उघड्या अंगानं ते महापुरुष तिच्यापुढे यजमानासारखे बसून राहिले!

“जेव. नाव घ्यायला लावत नाही, भिऊ नकोस.”

तिनं भाकरीचा तुकडा मोडून मिठाला लावला. तिनं सगळं सांगून टाकलं. महाराजांनी मध्ये एकच विचारलं, “अक्षत घेतली ना सगळ्यांनी? कोणी परत दिली?”

“घेतली. परत कुणीच दिली नाही.”

“मग आवतण झालं. पत्रावळी किती लावल्यास?”

“दीडशे.”

“पाचशे लाव.”

“महाराज, वाढू काय त्यांच्यावर?” येसूचा आवाज चढला. संतांपुढे आपण ओरडतोय, हेही तिला कळलं नाही. “रिकाम्या पानांपुढे गाव बसवू? ह्यापेक्षा मी नसते तर बरं झालं असतं!”

महाराज रागावले नाहीत. त्यांनी धुनीत एक लाकूड सारलं. मग म्हणाले, “आवतण दिलं तेही आमच्या कानावर आलं, घेतलं तेही. तू पानं लाव. आणि लग्नाच्या सकाळी ठकूला इकडे पाठव, विस्तव न्यायला.”

धीर आला म्हणावं, तर तसं नाही. येसू घरी गेली आणि दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून पानं लावू लागली. तीन दिवस लावत होती. बोटं चोयांनी भोसकली. रिकाम्या पत्रावळींची चळत छपराला टेकली. आपणच आपल्या बेइज्जतीची आसनं विणतोय, असं तिला वाटत राहिलं.

सातवं पान

लग्नाची सकाळ उजाडली. ठकूमावशी खापरात धुनीचा विस्तव घेऊन आली. अंगणाच्या कडेशी थांबून म्हणाली, “घे बाई. मी आत येत नाही.”

“महाराजांनी तुलाच सांगितलंय ना? मग तूच पेटव.”

ठकूमावशीनं मांडवामागच्या चुलाणात विस्तव घातला. भडका उडाला. हळद लागलेली नवरी पदर खोचून भाताच्या पातेल्यापाशी उभी राहिली. दुसरं होतं कोण?

तिकडे गावात बायकांनी चुलीतली राख सारली. राखेखाली पुरलेला कालचा विस्तव काळा कोळसा होऊन पडला होता. काडी ओढली. हातात पेटली, चुलीत शिरली की विझली. रॉकेल ओतलं, गोवऱ्या बदलल्या, फुंकून फुंकून डोळे लाल झाले. एका घरात, मग आळीत, मग साऱ्या गावात तेच! नव्वद घरांत कुठेही धूर नाही. एकच धूर, गुरवाच्या मांडवातून सरळ वर चाललेला.

पहिली आली ती सुताराची सून, खापर घेऊन. “येसू, एवढा विस्तव दे गं.” येसूनं निखारे घातले. सून मांडवाच्या मेढीपर्यंत गेली आणि निखारे विझले. पुन्हा दिले, पुन्हा विझले. तिसऱ्यांदा ती तिथेच उभी राहिली, मुकाट घरी गेली आणि धुतलेल्या तांदळाचं पातेलं कडेवर घेऊन आली.

“इथंच टाकू का गं?”

मग रीघ लागली. कुणाच्या सुपात डाळ, कुणाच्या परातीत मळलेली कणीक, कुणाकडे वांगी, कुणाकडे सणासाठी ठेवलेला गूळ. गुपचूप घरी शिजवून खायचं म्हणून जे काढून ठेवलं होतं, तेच मांडवात येत होतं. कुणी मान वर करून येसूकडे बघत नव्हतं. एकीनं न विचारता तिच्या हातातलं उलथणं घेतलं. “हो बाजूला. नवरीनं धुरात उभं राहू नये.” दुसरीनं तिच्या बोटांकडे पाहिलं आणि तिथेच ओवी सुरू केली, मोडक्या आवाजात. ओवी घाण्याची होती. चार दिवस उशिरा.

येसूला आनंद झाला नाही. ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती आणि आता कुठे तिला रडू येत होतं.

ऊन डोक्यावर येऊ लागलं, तेव्हा आक्कासाहेब आल्या. चालत. कडेवर दोन वर्षांचा तापलेला नातू, हातात तांदळाच्या कण्यांची वाटी. मागे गड्यांच्या डोक्यावर हंडे, कढया.

“सकाळपासून आचारी फुंकतोय,” त्या म्हणाल्या. आवाज ओसरीवरचा नव्हता. “ह्याला पेज हवी. कालपासून पोटात काही नाही गं ह्याच्या.”

येसूनं वाटी घेतली. चुलाणावरचा भात उतरवला आणि आधी पेज ठेवली. ती शिजेपर्यंत दोघी धुराच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. लेकरानं पेज प्यायली, डोळे उघडले.

“येसू,” आक्कासाहेब म्हणाल्या, “केळवण राहिलं तुझं. लग्न लागू दे, उद्या माझ्याकडे ये. चांदीच्या ताटात वाढीन.”

“लग्नानंतर केळवण नसतं, आक्कासाहेब,” येसू हळूच म्हणाली. “आणि माझं झालंय. महाराजांकडे.”

आक्कासाहेबांनी गड्यांना हंडे चुलाणापाशी उतरवायला सांगितले.

मुहूर्तावर अक्षता पडल्या. हिवऱ्याचं वऱ्हाड आणि पळसवडी मांडीला मांडी लावून बसली. पाचशे पत्रावळी मांडल्या, एकही कोरी राहिली नाही. आक्कासाहेबांनी पदर खोचून खीर वाढली. पहिली पंगत उठली, तशा त्या वाकून उष्टी पानं गोळा करू लागल्या. बायका धावल्या, त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

महाराज पंगतीच्या टोकाला, ठकूमावशीच्या शेजारी जेवत होते. आक्कासाहेब उष्ट्या हातांनी तिथवर आल्या आणि सर्वांदेखत त्यांनी वाकळेच्या काठावर कपाळ टेकलं. वाकळेला धुनीचा वास येत होता.

“चुकले, महाराज.”

महाराज म्हणाले, “बाई, आवतण आमचं नव्हतं. ज्यांचं घेऊन मोडायला निघालात, ते तिकडे उभे आहेत.”

मांडवाच्या मेढीपाशी सिदू गुरव हात जोडून उभे होते. आक्कासाहेब उठल्या, चालत त्यांच्यापुढे गेल्या आणि वाकल्या. गुरव दचकून मागे सरले. दहा दिवस न बोललेले त्यांचे ओठ हलले. मग त्याच जुन्या, दारोदार फिरलेल्या आवाजात ते म्हणाले,

“उठा, आक्कासाहेब. तुमचं पान मांडलंय.”